धाकट्याचे केस

पूर्वी कुंडलचा माणूस सांगलीला जायचा तो ठरावीक कामांसाठी. मुतखडा, मोतीबिंदू, नाहीतर कोर्टाची तारीख. आता पलूस सोडलं की सांगलीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना स्किन आणि हेअर क्लिनिकच्या पाट्या लागल्यात, आणि प्रत्येक पाटीवर एक गुळगुळीत गालाची बाई आणि एक दाट केसांचा बाप्या हसत उभा असतो. डेअरीच्या सेक्रेटरीनं हनुवटीखालचं लोंबतं कमी करून घेतलं. माजी सरपंचबाईंनी गालावरचा मस लेसरनं काढला. त्या मसावरून त्यांना तीस वर्षं ओळखणारी माणसं आता बाजारात त्यांना ओलांडून पुढं जातात. कॉलेजच्या पोरी ओठ फुगवून येतात आणि त्यांच्या आया विचारतात, "काय चावलं गं?" एकानं केलं की दुसऱ्याला आरशात आपलं वैगुण्य दिसायला लागतं. त्यावर हा सगळा धंदा चाललाय.

नाथाजीचं वैगुण्य बघायला आरसा लागत नव्हता. एकविसाव्या वर्षी त्याचं कपाळ मागं सरकायला लागलं ते टाळू ओलांडूनच थांबलं. घराण्याचंच होतं ते. आजा टकला, बाप गुंडा आबा टकला. नाथाजीनं मुली बघितल्या टोपी घालून आणि लग्न केलं फेटा बांधून. बायकोनं, क्रांतीनं, त्याचं उघडं डोकं पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आवं, उन्हात जाताना टोपी घालत जावा." बिचारी काळजीनं बोलली होती. नाथाजीनं ते चोवीस वर्षं मनात ठेवलं.

टक्कल त्यानं एकवेळ सोसलं असतं. पण त्याला सहा वर्षांनी धाकटा एक भाऊ होता, सूरज, आणि सूरज फौजेत होता. सुट्टीला आला की ट्रंक सोप्यात ठेवायचा, टोपी काढायचा आणि काळ्याभोर केसांतून हात फिरवायचा. सगळं घर त्या हाताकडं बघत राहायचं. आई, रंगूबाई, मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढायला धावायची. आबा नाथाजीशी उसाच्या पाण्याच्या पाळीपलीकडं कधी बोलले नाहीत. सूरजला मात्र शेजारी बसवून सिक्कीमच्या बर्फाचं विचारायचे. ऊस नाथाजीनं जगवला, म्हातारा-म्हातारी नाथाजीनं सांभाळली, बांधावरून भावकीशी भांडण नाथाजीनं अंगावर घेतलं. आणि कौतुक कुणाचं, तर वर्षातून दोन महिने येऊन दूध पिऊन जाणाऱ्याचं. नाथाजी जळायचा. जळायचा आणि गोठ्यात जाऊन म्हशीवर खेकसायचा.

मग एकदा देव पावला. सूरज सुट्टीला आला, सोप्यात उभा राहिला, टोपी काढली आणि हात फिरवायला गेला तर हाताखाली फिरवण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. "हेल्मेटनं गेलं," तो ओशाळून म्हणाला. आईनं डोळ्याला पदर लावला. नाथाजीनं मान हलवून हळहळ दाखवली, त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या आणि पुढच्याच रविवारी म्हसवडला जाऊन कुलदैवताला, सिद्धनाथाला, नारळ फोडला. नारळ कशाचा, ते त्यानं क्रांतीलासुद्धा सांगितलं नाही.

त्यानंतरची सहा वर्षं त्याच्या आयुष्यातली सुखाची. दोन भाऊ, दोन टकली, कुणाचं कुणाला काही नाही. सूरज हवालदार म्हणून निवृत्त होऊन घरी आला, शेतात हात लावायला लागला, आणि नाथाजीला तो चक्क आवडायलाही लागला.

घोटाळा केला तो सूरजच्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपनं. फौजेतून सुटलेला गडी पूर्वी घर बांधायचा, बोअर मारायचा, गाडी घ्यायचा. आता त्याला केसही लावून घ्यावेसे वाटतात. फलटणच्या एका दोस्तानं आधी लावले, फोटो टाकला. महिन्याभरात आणखी चौघांनी लावले. वर्ष सरता सरता ग्रुपवर टोपी घालून फोटो काढणारा सूरज एकटाच उरला. एके सकाळी तो सांगलीला गेला आणि दुसऱ्या दिवशी डोक्याला काळं फडकं गुंडाळून परतला. फडक्याखाली सगळं डोकं लालबुंद, टाचणीनं टोचल्यागत.

"कुनी मारलं रं माझ्या लेकराला!" आई ओरडली.

सूरजनं आबांना समजेल अशा भाषेत सांगितलं. "मागच्या अंगाला केस दाट असत्यात न्हवं आबा, तितला उसावानी एकेक डोळा काढायचा आनि म्होरं लागण करायची."

आबा आयुष्यभर ऊसच लावत आले होते. त्यांना ते लगेच पटलं. "म्हंजे मागचं बेणं म्होरल्या वावरात. पानी कवा सोडायचं?"

"चार दिसांनी धुवायचंय."

"आनि सरी किती फुटाची?" म्हाताऱ्यानं विचारलं आणि तोंडाचं बोळकं उघडून असा हसला की तसा हसताना नाथाजीनं त्याला कधी बघितलं नव्हतं. नाथाजी उठून बाहेर गेला.

महिन्याभरात लावलेले केस गळून गेले. आधी गळतात, मग उगवतात, असं डॉक्टरनं सूरजला सांगितलं होतं. नाथाजीला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं पानपट्टीवर, डेअरीत, सोसायटीच्या कट्ट्यावर खेदानं जाहीर केलं की धाकट्याची लागण वाया गेली. चौथ्या महिन्यात सूरजच्या कपाळावर काळी सावली दिसायला लागली. आठव्या महिन्यात भांग पडला. नवव्या महिन्यात सूरजच्या खिशात कंगवा आला, मोबाइलमध्ये रोजचा एक फोटो आला, आणि तो जुना हात पुन्हा केसांतून फिरायला लागला. नाथाजीनं पानपट्टीवर जायचं सोडलं.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण दिवाळीनंतर अंकिताला बघायला पाहुणे आले. अंकिता ही नाथाजीची एकुलती लेक, आणि मुलगा फलटणचा, शंभूराज नावाचा इंजिनिअर. नाथाजी पहाटेपासून नटला होता. कडक इस्त्रीचा शर्ट होता. टोपी मात्र नव्हती, कारण अंकितानंच सांगितलं होतं, "पप्पा, टोपीनं तुमी लय म्हातारं दिसताय."

गाडी थांबली. मुलाचे वडील, आकाराम, खाली उतरले. दारात सूरज तांब्या घेऊन उभा होता आणि त्याच्यामागं पायरीवर नाथाजी. आकारामांनी सूरजला कडकडून मिठी मारली. "नमस्कार व्याही! फोटोपेक्षा तरुण दिसता की हो!" आणि कुणी काही बोलायच्या आत ते दोन पायऱ्या चढून वर आले आणि त्यांनी नाथाजीचे पाय धरले. "आजोबा, तब्येत काय म्हणते? अंकितानं सांगितलं होतं, तुम्ही आजारी असता म्हणून."

आकारामांचं वय बावन्न होतं. नाथाजीचं एकोणपन्नास.

आजारी आजोबा आत कॉटवर होते. दाराआड बायका हसल्या. क्रांतीनं तोंडात पदर कोंबला तरी तिचे खांदे हललेच. सूरज घाईघाईनं पुढं झाला, "आवं पाहुणं, ह्ये आमचं आण्णा. पोरीचा बाप ह्यो. मी चुलता," आणि अवघडल्यामुळं म्हणा, सवयीनं म्हणा, बोलता बोलता त्यानं केसांतून हात फिरवला. आकारामांनी दहा वेळा माफी मागितली. नाथाजी दहाही वेळा हसला. सोयरीक जमली, पेढे वाटले, लग्न वैशाखात धरायचं ठरलं. पण केसांतून फिरलेला तो हात नाथाजीच्या डोळ्यांपुढून हलला नाही. लग्नात हजार माणूस येणार होतं. त्या हजार माणसांत पोरीचा बाप कोण, हे लोकांना सांगावं लागणार होतं. त्याला बाकी काही नको होतं, तेवढ्या एका दिवसासाठी लेकीचा बाप म्हणून तो लांबून ओळखू यायला हवा होता.

मार्गशीर्षात आबा थकले. एके दुपारी गावचा न्हावी अर्जुना त्यांची दाढी करायला आला. नाथाजी बाजूलाच उसाचं टनेज लिहीत बसला होता. आबा डोळे न उघडताच म्हणाले, "अर्जुना, माझ्या दहाव्याला धाकट्याच्या डोक्याला वस्तरा लावू नगंस. डाक्टरनं वरीसभर लावू नगं म्हनून सांगितलंय. नुसती एक बट काड."

"व्हय आबा," अर्जुना म्हणाला.

"थोरल्याचं काय, त्येला हायच काय काडायला."

आबा चेष्टेनं बोलले होते. हसलेही होते. आठ दिवसांनी ते गेले, आणि बापानं आपल्याबद्दल काढलेला शेवटचा शब्द हाच, हे नाथाजीच्या छातीत काट्यासारखं मोडून बसलं. तो रडला. मनापासून रडला. कशासाठी रडलो, ते मात्र त्यानं स्वतःलाही नीट विचारलं नाही.

दहाव्याला ओढ्याच्या काठी सगळी भावकी जमली. आमच्याकडं बाप गेला की मुलं दहाव्याला डोकं आणि मिशी उतरवतात. पण सवड काढणारी माणसंही आमच्याकडंच असतात. नोकरीवाला असला, आजारी असला, तर एक बट कापून भागवतात आणि त्याचं कुणी काही म्हणत नाही. मामांनी तसंच सुचवलं. "सूरजची बट काडा रं नुसती. वरीस व्हायला दीड-दोन म्हैनं ऱ्हायल्यात त्येचं. दाजी सवता सांगून गेल्यात."

अर्जुनानं कात्री उचलली. आणि नाथाजी बोलला. हळू बोलायला गेला, पण आवाज ओढ्याच्या पलीकडं ऐकू गेला.

"आबा एकदाच मरत्यात. बापापरीस केस म्होटं झालं व्हय?"

एवढ्या माणसांत 'नाही, केस मोठे नाहीत' याशिवाय दुसरं उत्तर नव्हतं, आणि नाथाजीला ते माहीत होतं. म्हणूनच तर त्यानं एवढ्या माणसांत विचारलं.

सूरजनं थोरल्या भावाकडं बघितलं. मग त्यानं डोक्यावरचा रुमाल काढला आणि अर्जुनापुढं पाटावर बसला. "चालव," तो म्हणाला.

"आरं पन डाक्टर..."

"चालव, अर्जुना. आण्णा बराबर बोलतोय."

वस्तरा कपाळापासून मागं गेला. दहा महिने राखलेले, धुतलेले, फोटो काढलेले केस ओल्या मातीत पडले. नाथाजीनं प्रत्येक पुंजका बघितला. बापाचा दहावा होता, पिंड मांडलेले होते, आणि नाथाजीच्या पोटात गार वाटत होतं. त्याला त्याची लाज वाटली. गार वाटणं मात्र लाजेपेक्षा मोठं होतं. मग तो स्वतः पाटावर बसला. अर्जुनानं कानामागची झालर चार हातांत उतरवली आणि म्हणाला, "झालं."

बाराव्याला मामांनी थोरला म्हणून नाथाजीला पागोटं बांधलं. शेजारी सूरज, तुळतुळीत, टोपी घालून. येणारा-जाणारा आधी नाथाजीपुढं थांबत होता. क्रांती रात्री म्हणाली, "भावजींच्या डोक्याकडं बघवंना वो. समीक्षा लय रडली." समीक्षा म्हणजे सूरजची बायको. नाथाजीनं कूस बदलली. वैशाख पाच महिन्यांवर होता. लग्नात दोन्ही भाऊ सारखेच दिसणार होते, आणि सारखे दिसले की थोरला तो थोरला. त्याला झोप छान लागली.

आता गंमत बघा. या माणसाचं उभं आयुष्य उसात गेलेलं. ऊस बुडख्याला तोडला की खालून पुन्हा फुटतो, त्याला खोडवा म्हणतात, आणि नीट राखला तर तो पहिल्या पिकाला मागं टाकतो. नाथाजीनं असे वीस-बावीस खोडवे घेतले होते. पण मत्सरानं माणसाचं शिक्षण वाया जातं. वस्तरा फक्त वरचं नेतो, मूळ जागेवर राहतं, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. महिन्याभरानं सूरज मोटारीवर पाणी पाजायला वाकला तेव्हा नाथाजीला त्याच्या टाळूवर काळी लव दिसली. आधी वाटलं, माती असेल.

"माती कशाची," अर्जुना दाढी करताना म्हणाला. "खोडवा फुटलाय त्यो. लागणीपरीस जोमात येनार बगा."

नाथाजीनं त्या दिवशी दाढी अर्धीच करून घेतली.

माघ गेला, फाल्गुन गेला. लग्नाच्या पत्रिका छापून आल्या आणि सूरजचा भांग परत आला. शिमग्याला लोक त्याच्या डोक्याला रंग लावायला घाबरत होते, इतकी त्याची मिजास. निदान नाथाजीला तरी तसं दिसत होतं. लग्नाला तीन दिवस राहिले तेव्हा त्यानं पांढरी टोपी घातली, "मंडपवाल्याला आगाऊ द्यायला चाललोय," असं क्रांतीला सांगितलं, आणि सांगलीची एसटी धरली. तीन दिवसांत केस उगवत नाहीत, एवढं त्यालाही कळत होतं. पण तारीख तर घेऊ, पुढच्या दिवाळीला तरी सूरजच्या शेजारी उभं राहू, एवढं त्यानं मनाशी धरलं होतं. सूरजनं लावले तिथंच लावायचे, त्याच हातानं, आणि त्याच्यापेक्षा चार जास्त.

क्लिनिकमध्ये गारवा होता. कोचावर दोन नवऱ्या मुली, त्यांच्या आया, एक पोलीस पाटील आणि टोपी डोळ्यांपर्यंत ओढून बसलेले तीन बाप्ये होते. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. नाथाजीनं टोपी जराशी खाली ओढली आणि चौथा होऊन बसला.

डॉक्टरीणबाई तरुण होती. तिनं त्याला उलट्या खुर्चीवर बसवलं, डोक्याच्या मागच्या बाजूला जांभळ्या पेनानं रेघा मारल्या, चौकोन आखले आणि बारीक कॅमेरा फिरवला. मग समोर येऊन बसली.

"तुम्ही कुंडलच्या सूरज फौजींचे मोठे भाऊ ना? मला वाटलंच. तुमचा फोटो बघितलाय मी."

"माजा? कुठं?"

"ते पहिल्यांदा आले तेव्हा दोघांचं विचारायला आले होते. मोबाइलमध्ये तुमचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून आणले होते. जेवताना, झोपलेले असताना. म्हणाले, आधी आण्णाचं करा, माझं मागनं बघू. तरणेपणापासून त्याच्या जिवाला टकलाचा लय घोर लागलाय."

नाथाजी मांडीवरची टोपी उलटीसुलटी करायला लागला.

"तेव्हाही मी हेच सांगितलं होतं, आज कॅमेऱ्यानं खात्री झाली. मागचे केस फार विरळ आहेत काका. तिथून काढून पुढं लावण्याएवढे नाहीत."

"म्हंजे बेनंच न्हाई."

"हो, तसंच," ती जरा हसली, मग तिला हसू नये असं वाटलं. "त्यांनी विचारलं, माझे काढून त्याला लावता येतील का? तसं जमत नाही. मग म्हणाले, त्याला यातलं काही सांगायला नको, उगाच आशा लागेल. खरं म्हणजे मीही बोलायला नको होतं."

एसटीत नाथाजी खिडकीशी बसला. बाहेर उन्हात कारखान्याची तोडणी संपलेली शिवारं मागं जात होती. त्या पोरीनं थोबाडीत मारली असती तर त्याला बरं वाटलं असतं. वीस वर्षं त्यानं सूरजवर जळून काढली होती. जळायला कारण लागतं, आणि ते त्याच्याजवळ होतं: धाकटा लाडका आहे, धाकटा मिजासखोर आहे, धाकट्याला थोरल्याची पर्वा नाही. आता लाड राहिले, मिजास राहिली, तिसरं कारण गेलं. आणि ते गेल्यामुळं आग विझायला हवी होती. ती विझली नाही. ताकारीच्या फाट्यापाशी नाथाजीला नीट कळलं की आता आपल्याला त्याच्या केसांचा हेवा वाटत नाही. आता आपण त्याच्या मनाच्या मोठेपणावर जळतोय. केस एकवेळ विकत मिळाले असते.

तो घरी पोचला तेव्हा दारापुढं मंडप चढत होता. मामा आले होते, भावकीतले दहा-बारा जण खुर्च्यांवर होते. आणि लिंबाखाली गळ्यात टॉवेल अडकवून सूरज बसला होता. समोर अर्जुना, हातात केस कापायचं मशीन.

"ह्ये काय चाललंय?" नाथाजीनं विचारलं.

अर्जुनाच वैतागून बोलला. "बगा की आण्णा. सगळं उतरव म्हनतोय, झिरो मशीन मार. मी किती सांगटलं."

सूरज खाली बघून म्हणाला, "पाव्हन्यांची परत गफलत नगं व्हायला. पोरीचा बाप कोन, त्ये मांडवात लांबनं कळाय पायजे. केसाचं काय, परत येत्यात."

खुर्च्यांवरच्या माणसांनी माना डोलावल्या. मामांचे डोळे भरून आले. आणि नाथाजीला दिसलं की आता हा गडी हजार माणसांत भादरून उभा राहणार, प्रत्येक जण विचारणार, भावासाठी भादरलं असं प्रत्येकाला कळणार, आणि आपल्या लेकीच्या लग्नात उभा मांडव याचंच नाव घेणार. टक्कल करूनसुद्धा हाच पुढं जाणार. त्याच्या अंगाचा भडका उडाला. तो पुढं झाला, त्यानं अर्जुनाच्या हातातलं मशीन हिसकावलं आणि ओरडला, "लगीनघरात डोकं भादरतोस व्हय रं? अशुभ करतोस माझ्या पोरीचं? ऊठ! माझा भाऊ माझ्या मांडवात केसासकट हुबा ऱ्हाईल!"

दहाव्याला त्याच्या उपयोगी पडला होता तो रिवाज, आज पडला हा रिवाज.

लोक उठून उभे राहिले. "थोरल्याचं काळीज बगा," कुणीतरी म्हणालं. मामांनी नाथाजीच्या पाठीवर थाप मारली, "आज दाजी असतं तर..." आईनं ओट्यावरून थोरल्याकडं बघून कानशिलावर बोटं मोडली. आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते कौतुक असं भर उन्हात, मंडपाच्या वाशाखाली, एकरकमी मिळत होतं. फक्त ते कशाला मिळतंय हे नाथाजीला ठाऊक होतं, म्हणून त्याला त्याची चव लागेना. घामानं तो डबडबला होता. त्यानं टोपी काढली आणि टॉवेलनं तोंड पुसायला लागला.

पुसताना त्याला शेजारी हालचाल जाणवली. सूरज उठून त्याच्या मागं आला होता आणि त्याच्या डोक्याच्या मागच्या बाजूकडं बघत होता. तेव्हा नाथाजीला आठवलं. जांभळ्या रेघा. ते चौकोन पुसायचे राहूनच गेले होते. इतरांना बघून कळलं नसतं. मंडपाचा रंग लागला म्हणाले असते. पण या जमावात एक डोकं असं होतं की ज्याच्यावर अगदी तशाच रेघा एकदा मारल्या होत्या.

सूरजनं नाथाजीच्या हातातली टोपी घेतली, ती त्याच्या डोक्यावर ठेवली, मागून दोन बोटं खाली ओढली आणि रेघा झाकल्या. मग मोठ्यानं म्हणाला, "आण्णा, ऊन लय हाय. टोपी काडू नगंस."

लोकांना तेही आवडलं.

संध्याकाळी मंडपातल्या पहिल्या पंगतीला दोघं भाऊ शेजारी शेजारी बसले. सूरजनं आपल्या पानातली पुरणाची पोळी न विचारता थोरल्याच्या पानात ठेवली आणि केसांतून हात फिरवला. नाथाजीनं डोळे मिटून म्हसवडच्या सिद्धनाथाचं नाव घेतलं. देवा, पोरीचं भलं कर, त्यानं मागितलं, आणि ह्या धाकट्याला आयुष्यात एकदा, एकदाच, माझ्याशी वाईट वागायची बुद्धी दे.